रा. द. रानडे यांची ग्रंथसूची ऑनलाइन कशी उभी करावी

तत्त्वज्ञ आणि साधक रामचंद्र दत्तात्रय रानडे यांच्यावर संशोधन करू पाहणारा विद्यार्थी सुरुवातीला बहुधा एकच काम करतो: आधीच्या प्रबंधामागची यादी आपल्या वहीत उतरवून घेतो. यादीबरोबर तिच्यातल्या चुकाही उतरतात. चुकीचं वर्ष पाच प्रबंधांत छापून आलं की तेच खरं वाटू लागतं. ही साखळी तोडायची तर सगळ्यांना दिसेल, दुरुस्त करता येईल आणि प्रत्येक नोंद कुणी कशावरून केली ते सांगेल, अशी सूची हवी. असं काम बेळगाव, चिकोडी, अथणी, जमखंडी, विजयपूर या पट्ट्यात बसूनच चांगलं होईल. रानड्यांचा जन्म जमखंडीचा (३ जुलै १८८६), देह ठेवला तो निंबाळला (६ जून १९५७), आणि बेळगावच्या हिंदवाडीत गुरुदेव रानडे मंदिर आहे. पुस्तकं मात्र पुणे, सांगली, नागपूर, धारवाड, मुंबई अशी सगळीकडून निघाली, आणि तीही इंग्रजी, मराठी, हिंदी, कन्नड अशा भाषांत.

आधी हद्द आखा

संगणक उघडण्यापूर्वी एका कागदावर लिहा की सूचीत काय येणार आणि काय नाही. चार कप्पे पुरतात: रानड्यांनी लिहिलेलं, त्यांनी निवडून-संपादून दिलेलं (संतवचनांची ‘वचनामृतं’ इथे येतात), या दोहोंची भाषांतरं, आणि त्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेलं. पाचवा कप्पा रानड्यांच्या गुरुपरंपरेचा काढायचा मोह होतोच: निंबर्गी महाराज, उमदीचे भाऊसाहेब महाराज, इंचगेरी मठ. तूर्त नको. इंचगेरीच्या वाटेनंच पुढे सिद्धरामेश्वर महाराज आणि निसर्गदत्त महाराज येतात आणि निसर्गदत्तांवरचं इंग्रजी लेखन एवढं आहे की दोन महिन्यांत तुमची सूची त्यांची होऊन बसेल आणि रानडे कोपऱ्यात जातील. ती सूची करायची तर वेगळी करा.

‘रानडे’ आडनावाचा घोळही याच कागदावर मिटवा. कॅटलॉगमध्ये नुसतं ‘रानडे’ टाकलं की न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) आधी हजर होतात. शिवाय आपल्या रानड्यांचीच रूपं बरीच: रा. द. रानडे, आर. डी. रानडे, गुरुदेव रानडे, आणि रोमन लिपीत दत्तात्रय, दत्तात्रेय असे वडिलांच्या नावाचे वेगवेगळे अवतार. सगळी रूपं लिहून ठेवा, शोधताना प्रत्येक टाकून पाहा. सूचीत मात्र दर लिपीत एकच ठरलेलं रूप वापरा. पुस्तकावर छापलेलं रूप वेगळं असेल तर ते टिपणात जाईल, लेखकाच्या रकान्यात नाही. हा नियम मोडला की लेखकाच्या नावानं क्रम लावताना एकाच माणसाचे तीन-चार ढीग दिसतात.

झोटेरो आणि गट

सूची एक्सेलमध्ये सुरू करू नका. एक्सेलमध्ये पुस्तक, लेख, प्रबंध सगळं एकाच साच्यात कोंबावं लागतं आणि नंतर काढताना घाम फुटतो. झोटेरो हे संदर्भांच्या नोंदी ठेवणारं मोफत सॉफ्टवेअर घ्या. संगणकावर ते बसवा, त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडा आणि तिथेच नवा गट तयार करा. गट करण्याचं काम संकेतस्थळावरूनच होतं. तीन प्रकारांतला ‘पब्लिक, क्लोज्ड मेंबरशिप’ निवडा: पाहणार सगळे, पण सदस्य तुम्ही घ्याल तेच. वाचायची मुभा इंटरनेटवरच्या कुणालाही, बदलायची फक्त सदस्यांना. फाइल साठवण बंद ठेवा. फुकट जागा ३०० एमबी आहे आणि गटातल्या फाइली गटमालकाच्या खात्यातली जागा खातात. चार जाड स्कॅन टाकले की संपलं. नुसत्या नोंदींना या जागेची मर्यादा लागत नाही.

नव्या माणसाचा इथे होणारा घात म्हणजे आपल्या खासगी ‘माय लायब्ररी’त नोंदी करून मग त्या गटात ओढणं. ओढली की ती स्वतंत्र प्रत होते. खासगी नोंदीत केलेली दुरुस्ती गटातल्या नोंदीत आपोआप जात नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून थेट गटात लिहा. वीज आणि नेट दोन्ही लहरी असतील तर बसताना एकदा आणि उठताना एकदा सिंक करा. दोघांनी एकाच वेळी एका नोंदीतला एकच रकाना बदलला तर झोटेरो कुणाची ठेवू असं विचारतो आणि घाईत नेमकी चुकीची ठेवली जाते. कप्पे वाटून घेतले की हा प्रसंगच येत नाही.

कप्प्यांना झोटेरोत ‘कलेक्शन’ म्हणतात. एकच नोंद दोन कप्प्यांत राहू शकते, त्यासाठी नक्कल करावी लागत नाही. एका कप्प्यातून काढायची असेल तर ‘रिमूव्ह आयटेम फ्रॉम कलेक्शन’. ‘मूव्ह टू ट्रॅश’ केलं तर ती सगळ्याच कप्प्यांतून जाते. झालंच तसं, तर घाबरू नका, ट्रॅशमधून परत आणता येते.

एक ग्रंथ, तीन नावं

काम कसं करायचं ते एका पुस्तकावरून दाखवता येतं. रानड्यांचा ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ १९३३ साली पुण्याहून निघाला. तो ‘हिस्टरी ऑफ इंडियन फिलॉसॉफी’ या मालेचा सातवा खंड. माला श्री. कृ. बेलवलकर आणि रानडे अशा दोघांच्या नावे. हा खंड रानड्यांचा, पण मालेमुळे काही ग्रंथालयांत तो बेलवलकरांच्या नावाखाली जाऊन बसतो. मग हाच ग्रंथ भारतीय विद्या भवनानं १९६१ मध्ये ‘पाथवे टू गॉड इन मराठी लिटरेचर’ म्हणून काढला आणि १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेट युनिव्हर्सिटी प्रेसनं ‘मिस्टिसिझम इन इंडिया: द पोएट-सेंट्स ऑफ महाराष्ट्र’ म्हणून. नवख्या माणसाच्या यादीत ही तीन वेगळी पुस्तकं होतात आणि अतिउत्साही माणसाच्या यादीत एकच. दोन्ही चूक.

नोंदी तीनच करा, प्रत्येक आवृत्तीची एक. प्रत्येकीत वर्ष त्या आवृत्तीचं. पुढच्या दोन नोंदींच्या ‘एक्स्ट्रा’ रकान्यात इंग्रजीत ‘ओरिजिनल डेट’, मग कोलन आणि १९३३. ज्या संदर्भशैलींत मूळ वर्षाची सोय आहे त्या हे वर्ष उचलतात. मग ‘रिलेटेड’मध्ये तिन्ही नोंदी एकमेकींना बांधा. ‘सीरीज’च्या रकान्यात मालेचं नाव, ‘व्हॉल्यूम’मध्ये ७, लेखक रानडे. बेलवलकर मालेचे सहकर्ते, म्हणून त्यांचं नाव टिपणात. एवढं केलं की कुणी १९६१ च्या आवृत्तीतलं पान उद्धृत केलं आणि वाचकाच्या हाती १९३३ ची प्रत असली, तर पान का जुळत नाही हे त्याला लगेच कळतं.

‘पाथवे टू गॉड’ या शब्दांपाशी आणखी एक खड्डा आहे. हिंदी साहित्यावरचा ग्रंथ (१९५४), कन्नडवरचा (१९६०) आणि वरचा मराठीवरचा, तिघांच्या नावांची सुरुवात हीच. भरीस भर म्हणून बेळगावच्या ॲकॅडमी ऑफ कम्पॅरेटिव्ह फिलॉसॉफी अँड रिलिजन या संस्थेच्या नियतकालिकाचं नावही ‘पाथवे टू गॉड’. जुन्या यादीत ‘पाथवे टू गॉड, पृ. ४१’ एवढंच लिहिलेलं सापडलं तर ते पुस्तक की अंक हे ठरवल्याशिवाय नोंद करू नका. खंड आणि अंकाचे क्रमांक सोबत असतील तर बहुधा नियतकालिक.

प्रत हातात घेऊन

सर्वात मोलाचं काम संगणकाबाहेरचं आहे. या भागात रानड्यांची पुस्तकं ग्रंथालयांइतकीच साधकांच्या घरातल्या कपाटांतही आहेत, कधी देवघराशेजारच्या फळीवर कापडात बांधलेली. तिथे पुस्तक मागून घरी आणू नका. मालकांसमोर, उजेडाकडे बसून मोबाइलवर पाच फोटो घ्या: मुखपृष्ठ, आतलं शीर्षकपान, त्याची मागची बाजू, अनुक्रमणिका आणि शेवटचं क्रमांकित पान. शेवटचं पान कशासाठी, तर पृष्ठसंख्येसाठी. प्रस्तावनेची पानं वेगळ्या क्रमांची असतील तर दोन्ही आकडे मध्ये अधिकचिन्ह घालून लिहा. एकत्र बेरीज नको.

मराठी पुस्तकांत अगदी तळाशी किंवा शेवटी बारीक टायपात एक ओळ असते: हे पुस्तक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापले व तमुक यांनी अमुक पेठेत प्रसिद्ध केले. मुद्रक आणि प्रकाशक यांची अदलाबदल इथेच होते. सूचीत प्रकाशक जातो. छापखाना टिपणात टाका, पुढे दोन आवृत्त्या ओळखताना उपयोगी पडतो. वर्ष शकात असेल तर ७८ मिळवा. प्रस्तावनेखालची तारीख जानेवारी ते फाल्गुन अखेर यातली असेल तर ७९. म्हणजे शके १८५५ बहुतेक १९३३, पण माघातली तारीख असेल तर १९३४. मूळ शक टिपणात राहू द्या.

गावाचं नाव छापलं असेल तसंच लिहा. २०१४ पूर्वीच्या इंग्रजी पुस्तकावर ‘बेलगाम’ असणार, त्याचं ‘बेळगावी’ करायचं नाही. ‘बिजापूर’चं ‘विजयपूर’ही नाही. आजच्या नावानं शोधणाऱ्यासाठी टॅग लावा. नावावरून इथे वाद घालायला माणसं कायम तयार असतात, सूचीनं त्यात पडू नये. शीर्षकपान सांगेल ते.

मालकांचं नाव आणि पत्ता सार्वजनिक नोंदीत नको. ‘खासगी संग्रह, अथणी’ एवढं बास. पुस्तक पाहिल्यावर नोंदीला ‘पाहिले’ असा टॅग लावा. दुसऱ्याच्या यादीवरून घेतलेल्या नोंदीला ‘ऐकीव’. झोटेरोत टॅगला रंग देता येतो. ‘ऐकीव’ला लाल द्या. सुरुवातीला यादी लालेलाल दिसेल, त्याची लाज नको. कुठली नोंद तपासायची राहिली आहे हे लपवणारी सूची काहीच कामाची नाही.

कुठे शोधाल

१९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आधी बघा. तिचा पहिला खंड १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. इंटरनेटवर कितीही भटकलात तरी तिच्या तोडीचं काही मिळणार नाही. परदेशी आवृत्त्यांसाठी वर्ल्डकॅट (जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित सूची), प्रबंधांसाठी शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह). शोधगंगेवर दिसणारं वर्ष कधी कधी अपलोडचं असतं, म्हणून प्रबंधाचं शीर्षकपान उघडून बघा आणि सादर केल्याचं वर्ष घ्या.

इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर रानड्यांच्या जुन्या ग्रंथांचे स्कॅन आहेत, ‘अ कन्स्ट्रक्टिव्ह सर्व्हे ऑफ उपनिषदिक फिलॉसॉफी’चे (१९२६) तर एकाहून अधिक. त्यातले बरेच डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाकडून आलेले, आणि त्यांची शीर्षकं नि वर्षं अनेकदा बिघडलेली असतात. झोटेरोच्या ब्राउझर बटणानं ती नोंद एका टिचकीत घेता येते, पण घेतली की लगेच स्कॅनचं शीर्षकपान शेजारी उघडून प्रत्येक रकाना पडताळा. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाकून आपोआप नोंद करण्याची सोय इथे फारशी चालत नाही. रानड्यांच्या हयातीत आयएसबीएनच नव्हता. हातानं टंकन करायची तयारी ठेवा.

लेखसंग्रह आणि गौरवग्रंथ आला की ग्रंथाची एकच नोंद करून थांबू नका. रानड्यांविषयीचा त्यातला प्रत्येक लेख ‘बुक सेक्शन’ म्हणून वेगळा, लेखकासह, पानांसह. कंटाळवाणं आहे, पण संशोधकाला हवा असतो तो नेमका लेख. दिवाळी अंक आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्याही सोडू नका. कात्रणावर तारीख नसेल तर मागच्या बाजूची जाहिरात किंवा बातमी वाचा, तारीख तिथे निघते.

लिपीचे चकवे

मराठी शीर्षक देवनागरीत, इंग्रजी रोमनमध्ये, कन्नड कन्नड लिपीत. सगळं रोमनमध्ये आणायचा अट्टहास धरू नका. पण कन्नड न वाचणाऱ्यासाठी टिपणात देवनागरी उच्चार आणि अर्थ द्या, कन्नड वाचणाऱ्यासाठी मराठी नोंदीचं उलट करा. सीमाभागातल्या गटात दोन्ही वाचणारं माणूस असतंच, हे काम त्याच्याकडे सोपवा. ‘लँग्वेज’चा रकाना रिकामा ठेवू नका: मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी यांचे दोन अक्षरी कोड टाका. रोमनमधल्या मराठी शीर्षकाला भाषेचा कोड नसला तर काही संदर्भशैली ते इंग्रजी समजून त्यातली अक्षरं मोठी करून टाकतात.

तारखेच्या रकान्यात इंग्रजी आकडेच घाला, नाहीतर क्रम लावताना देवनागरी वर्षं भलत्याच जागी जाऊन बसतात. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमधली यादी मिळाली तर ती जशीच्या तशी चिकटवू नका, युनिकोडमध्ये बदलून मगच घ्या. आणि ‘ऱ्या’सारखी अक्षरं दोन वेगळ्या कळफलकांवर दोन तऱ्हांनी बनू शकतात. डोळ्यांना सारखी, शोधाला वेगळी. ‘रानड्यांच्या’ सापडतं पण ‘दुसऱ्या आवृत्तीची’ सापडत नाही, अशी तक्रार आली की कारण बहुधा हेच. गटातल्या सगळ्यांनी एकच कळफलक वापरला तर ही कटकट उरत नाही.

जुळी नोंद आणि विलीनीकरण

झोटेरोत ‘डुप्लिकेट आयटेम्स’ म्हणून खण आहे. तिथे सारख्या दिसणाऱ्या नोंदी समोर येतात आणि ‘मर्ज’चं बटण खुणावत असतं. उपनिषदांवरच्या ग्रंथाची मूळ आवृत्ती आणि नंतरचं पुनर्मुद्रण, एखाद्या नोंदीत वर्ष भरायचं राहिलं असेल तर, तिथे शेजारी दिसू शकतात, कारण नाव आणि लेखक एकच. मर्ज केलं की एका आवृत्तीचे तपशील गेले, आणि ते मागे फिरवणं किचकट आहे. प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठसंख्या तिन्ही जुळल्याशिवाय बटणाला हात लावू नका. आठवड्यातून एकदा, एकाच सदस्यानं हे काम करावं.

हक्कांचं काय

नोंद करायला कुणाची परवानगी लागत नाही. शीर्षक, वर्ष, प्रकाशक ही माहिती आहे. प्रश्न येतो पीडीएफ जोडताना. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे रानड्यांनी एकट्यानं लिहून हयातीत छापलेलं १ जानेवारी २०१८ पासून खुलं झालं. पण दोन अपवाद लक्षात ठेवा. दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात शेवटी वारलेल्या लेखकापासून मोजतात. बेलवलकर १९६७ साली गेले, म्हणून त्यांच्यासह लिहिलेला ‘द क्रिएटिव्ह पीरियड’ हा खंड २०२७ अखेरपर्यंत हक्कातच. दुसरं, जे लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलं त्याची साठ वर्षं छापल्यापासून. कन्नड साहित्यावरचा १९६० चा ग्रंथ या हिशेबानं २०२० अखेर मोकळा झाला. नव्या संपादकांच्या प्रस्तावना, टीपा, भाषांतरं यांचे हक्क वेगळे असतात. म्हणून सोपा मार्ग: गटात फाइल नकोच, कायदेशीर स्कॅन असेल तर त्याचा दुवा द्या. दुसऱ्याच्या सूचीतला सारांशही उचलू नका, दोन ओळी स्वतः लिहा.

लोकांपर्यंत

गटाचा दुवा दिला की कुणीही सूची पाहू शकतो. पण प्रबंधात तळटीप द्यायला स्थिर आवृत्ती लागते. त्यासाठी वर्षातून एकदा, जयंतीला म्हणजे ३ जुलैला हवं तर, सगळी सूची आरआयएस, बिबलेटेक (दोन्ही संदर्भ-सॉफ्टवेअरना वाचता येणारे साचे) आणि सीएसव्ही (साधा तक्ता) अशा तीन फाइलींत निर्यात करा, शिवाय वाचायला पीडीएफ. हे सगळं झेनोडो या संशोधनाच्या फाइली जपणाऱ्या मोफत संकेतस्थळावर चढवा. आवृत्तीचा क्रमांक द्या, परवाना सीसी-झीरो (कुणीही मुक्तपणे वापरावं असा) निवडा. तुम्हाला डीओआय, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक, मिळतो: त्या आवृत्तीचा एक आणि सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक. प्रसिद्ध केल्यावर वर्णन सुधारता येतं, पण फाइली बदलायच्या तर सहसा नवी आवृत्तीच काढावी लागते. म्हणून ‘पब्लिश’ दाबण्यापूर्वी पीडीएफची दोन-चार पानं कागदावर छापून दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली आणि मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसली तर फाइल बिघडलेली नाही. एक्सेलमध्ये ‘डेटा’ टॅबवरून मजकूर आयात करा आणि फाइलचा प्रकार विचारेल तिथे ६५००१, यूटीएफ-८ निवडा. लिबरऑफिस हा प्रश्न स्वतःहून विचारतं. पाठवताना सोबत ही सूचना जोडा, नाहीतर ‘फाइल उघडत नाही’ असे फोन सुरू होतील.

ज्यांना झोटेरो जमणार नाही अशा ज्येष्ठांकडेच जुनी पुस्तकं जास्त असतात. त्यांना खातं उघडायला सांगू नका. व्हॉट्सॲपवर ते पाच फोटो पाठवा म्हणावं, नोंद गटातला कुणीतरी करेल आणि झाल्यावर त्यांना दुवा पाठवेल. दुरुस्ती सुचवणाऱ्याकडून एकच गोष्ट मागा: शीर्षकपानाचा फोटो. मग जुनं वर्ष पुसण्याआधी ते टिपणात लिहा, शेजारी बदलाची तारीख आणि कशावरून बदललं तेही. जुन्या प्रबंधात ते चुकीचं वर्ष कुणाच्या तरी पुढ्यात येणार आहेच, तेव्हा त्याला ही ओळ सापडायला हवी.